मोठ्या संख्येची कुंडली कशी काढायची (लाईट नसली तरी)

माझं दापोलीत झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. पाऊस लागला आणि शाळा भरल्या की पोरं येतात, काका एका मोठ्या संख्येचे गुणधर्म असा प्रोजेक्ट आहे, नेटवरून काढून दोन पानं प्रिंट द्या. मी द्यायचो. पानावर काय छापलंय ते पोरांना कळायचं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही, शाई नीट उमटली की नाही एवढंच मी बघणार. मग एका गणपतीत भाचा आला आणि म्हणाला मामा प्रिंट नको, तू समजाव. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, फोन सात टक्क्यांवर, म्हटलं आण वही, अर्ध्या तासात उडवतो. अर्ध्या तासाचे चार दिवस झाले आणि मध्ये एकदा फजितीपण झाली, ती पायरी ४ मध्ये आहे.

तेव्हा जे धडपडत शिकलो ते इथे ओळीने लिहितोय. नववी-दहावीचं गणित आठवत असेल तर पुरे, आठवत नसेल तरी चालेल.

काय काय लागेल

- चौकटीची वही (रेघी वहीत अंक तिरके जातात आणि बेरीज चुकते)
- पेन. पेन्सिल नको, खोडलेलं परत शोधता येत नाही
- १०० पर्यंतच्या मूळ संख्यांची (१ आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या) यादी, एकूण २५ आहेत, पहिल्या पानावर लिहून ठेवा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७
- फोनचा कॅल्क्युलेटर, पण फक्त ताळा करायला

## १. संख्या निवडा आणि नीट लिहा

भाच्याने निवडली महाराष्ट्र दिनाची तारीख, १ मे १९६०, म्हणजे ०१०५१९६०. इथेच पहिला खड्डा. पुढचं शून्य तारखेत लागतं, संख्येत त्याला काही अर्थ नाही. एक्सेलमध्ये टाकलंत तर ते गपचूप खातो आणि आपण अंक मोजून बसतो आठ. आपली संख्या सात अंकी आहे: १०५१९६०, दहा लाख एकावन्न हजार नऊशे साठ.

दुसरा खड्डा स्वल्पविरामाचा. आपण लिहितो १०,५१,९६०, काही फोन दाखवतात १,०५१,९६०. संख्या एकच, पण पुढे तिसऱ्या पायरीत तीन-तीनचे गट पाडायचे आहेत तिथे आपली लाख-कोटीची सवय आडवी येते, म्हणून वहीत स्वल्पविराम टाकूच नका.

आणि हे आत्ताच सांगून ठेवतो कारण मला फार उशिरा कळलं. संख्येचे गुणधर्म दोन जातीचे असतात. काही तिच्या अंगचे, म्हणजे तिला कशाने भाग जातो, विभाजक किती वगैरे, तुम्ही ती रोमनमध्ये लिहा नाहीतर गोट्या मांडून दाखवा, ते बदलत नाहीत. आणि काही नुसते तिच्या कपड्यांचे, म्हणजे आपण ती दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून दिसणारे: अंकांची बेरीज, उलटसुलट वाचली तर तीच येते का, असले. दोन्ही मजेचे आहेत, पण वहीत दोन वेगळे रकाने करा, नाहीतर सगळी खिचडी होते.

## २. सोपं आधी काढून घ्या

थेट मोठ्या संख्येशी कुस्ती खेळायची नाही, आधी तिला हलकी करायची. शेवटी शून्य आहे म्हणजे १० ने भाग जातो, उरले १०५१९६. सम आहे, निम्मे करा, ५२५९८. परत सम, २६२९९. आता विषम झाली, थांबा. आत्तापर्यंत निघालं २ × ५ × २ × २, म्हणजे २³ × ५. दहा लाखांची संख्या दोन मिनिटांत सव्वीस हजारांवर आली.

आता तीन. अंकांची बेरीज २+६+२+९+९ = २८, २८ ला तीनने भाग जात नाही म्हणजे २६२९९ लाही नाही, आणि नऊचा तर मग प्रश्नच नाही.

## ३. सात, अकरा, तेरा एका दमात

ही युक्ती मला शाळेत कोणी शिकवली नव्हती आणि त्याचा अजून राग आहे. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे संख्या उजवीकडून तीन-तीन अंकांत तोडायची आणि आलटून पालटून वजा-अधिक करायची, जे उरेल त्याला ७, ११, १३ पैकी ज्याने भाग जाईल त्याने मूळ संख्येलाही जातो.

आपल्या पूर्ण संख्येवर करून बघू: ९६०, ०५१, १. मग ९६० − ५१ + १ = ९१०. ९१० म्हणजे ७ × १३०, सातने जातो. ९१० म्हणजे १३ × ७०, तेरानेही जातो. अकराने ८२ वेळा जाऊन ८ उरतात, म्हणजे अकरा बाद. गट उजवीकडूनच पाडायचे हां, भाच्याने डावीकडून १०५, १९६, ० असे पाडले, १०५ − १९६ + ० = −९१ आले आणि योगायोगाने जुळलं, पण दरवेळी तसं जुळत नाही.

आता २६२९९ ÷ ७ = ३७५७ आणि ३७५७ ÷ १३ = २८९.

इथे बरेच जण पेन खाली ठेवतात कारण २८९ दिसायला अगदी मूळ संख्येसारखी साधीभोळी आहे. नाहीये. १७ × १७ आहे ती. ९१, ११९, २२१, २८९ ही सगळी अशीच फसवी मंडळी, ७×१३, ७×१७, १३×१७, १७×१७, ही चार पाठच करून टाका.

तर आपल्या महाराष्ट्र दिनाचे मूळ अवयव: १०५१९६० = २³ × ५ × ७ × १३ × १७². खरं सांगतो, तारीख घेताना ती इतकी सुटसुटीत फुटेल असं वाटलं नव्हतं, सगळे अवयव अठराच्या आत.

ताळा करा. नवाची बाकी काढायची जुन्या व्यापाऱ्यांची पद्धत आहे, ती वापरा. ३६४० × २८९ करून १०५१९६० येतंय का बघायचंय. ३६४० च्या अंकांची बेरीज १३, परत बेरीज ४. २८९ ची १९, मग १०, मग १. ४ × १ = ४. उत्तराची १+०+५+१+९+६+० = २२, मग ४. जुळलं. पण हा ताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही, १०५१६९० लिहिलंत तरी तो गोड हसून बरोबर म्हणेल.

## ४. भाग जातच नसेल तर (माझी फजिती)

पहिली संख्या सहज फुटली म्हणून चढलो आणि म्हटलं आता दुसरी घेऊ, सरळ १२३४५६७८९. अंकांची बेरीज ४५, नऊने भाग जातो, उरले १,३७,१७,४२१. त्यानंतर ७ नाही, ११ नाही, १३ नाही, १७ नाही, मग संध्याकाळभर आम्ही दोघं बसून भागाकार करतोय, आई म्हणते अरे आरतीला या. १००० पर्यंतच्या मूळ संख्या संपवल्या आणि मी जाहीर केलं, ही मूळ संख्या आहे. भाच्याने लाल पेनाने चौकट काढली तिला. रात्री लाईट आली, फोन चार्ज झाला, आणि कळलं की १३७१७४२१ = ३६०७ × ३८०३.

चूक काय झाली तर थांबायचं कुठे हे मी मनाने ठरवलं. नियम साधा आहे: वर्गमुळापर्यंत जायचं, त्याच्या आधी थांबायचं नाही आणि पुढे जायची गरज नाही. आंब्याच्या पेट्यांवरून समजून घ्या. गोडाऊनमध्ये पेट्या चौकोनात रचायच्यात, एक बाजू लहान आणि एक मोठी. लहान बाजू कधीच वर्गमुळाच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण दोन्ही बाजू वर्गमुळाहून मोठ्या झाल्या तर पेट्याच जास्त लागतील. म्हणून लहान बाजू शोधायची, मोठी आपोआप मिळते. १३७१७४२१ चं वर्गमूळ ३७०३ आणि थोडं वर, म्हणजे ३७०३ पर्यंत जायला हवं होतं. आणि ही लबाड संख्या अगदी टोकाला, ३६०७ वर फुटते, तिथपर्यंत पोचायला पाचशेच्या वर मूळ संख्यांनी भागावं लागतं.

(आणि वर्गमूळ बरोब्बर पूर्ण आलं तर तेसुद्धा तपासायचं. २८९ ला १३ वर थांबलात की गेलात.)

आता ह्यातली खरी गंमत. सतराव्या शतकातल्या फर्मा नावाच्या फ्रेंच माणसाची एक पद्धत आहे, ती माहीत असती तर पाच मिनिटांत सुटलं असतं. संख्येला दोन वर्गांच्या वजाबाकीत लिहायचं. वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, आपली संख्या वजा करा, उरलेलं पूर्ण वर्ग आहे का बघा, नसेल तर एकने पुढे जा.

३७०४² = १३७१९६१६, वजा १३७१७४२१ = २१९५. ४६² = २११६, ४७² = २२०९, मध्ये लटकलं, नाही.
३७०५² = १३७२७०२५, वजा १३७१७४२१ = ९६०४. आणि ९६०४ = ९८²!

म्हणजे १३७१७४२१ = ३७०५² − ९८² = (३७०५ − ९८) × (३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३. दुसऱ्या फटक्यात. आम्ही अख्खी संध्याकाळ घालवली होती राव. ही पद्धत दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच पळते, लांब असतील तर बैलगाडी होते, त्यामुळे दोन्ही करायचं: आधी छोट्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, मग फर्माचे दहा-पंधरा फटके मारायचे, आणि मगच लांबचा रस्ता धरायचा.

## ५. विभाजक मोजा, लिहीत बसू नका

मूळ अवयव मिळाले की बाकी सगळं वरवरचं काम आहे. १०५१९६० चा कुठलाही विभाजक बनवायचा तर २ किती घ्यायचे (०, १, २ की ३, म्हणजे ४ पर्याय), ५ घ्यायचा की नाही (२), ७ (२), १३ (२), आणि १७ किती (३). गुणाकार ४×२×२×२×३ = ९६. शहाण्णव विभाजक. १०५१९६० पेट्या असत्या तर ४८ प्रकारे चौकोन रचता आला असता. तिकडे १२३४५६७८९ नऊ अंकी असून तिचे विभाजक फक्त ३×२×२ = १२. संख्या मोठी म्हणजे विभाजक जास्त हे डोक्यातून काढून टाका.

विभाजकांची बेरीज: प्रत्येक मूळ अवयवाचा एक कंस करायचा आणि कंस गुणायचे. (१+२+४+८) × (१+५) × (१+७) × (१+१३) × (१+१७+२८९) = १५ × ६ × ८ × १४ × ३०७ = ३०९४५६०. चूक नेहमी शेवटच्या कंसात होते, मधला १७ राहतो आणि २९० लिहिलं जातं.

ह्यातून संख्या स्वतः वजा केली की २०४२६०० उरतात, संख्येपेक्षा जास्त, म्हणजे ही विपुल संख्या. १२३४५६७८९ चं हेच केलं तर ५४९६६०२७ येतात, कमी, म्हणजे न्यून. बरोब्बर तेवढीच आली तर परिपूर्ण, पण ६, २८, ४९६, ८१२८ च्या पुढची आपल्या वहीत सापडेल ही आशा सोडा.

## ६. कापरेकरांच्या कसोट्या

हा भाग कपड्यांच्या रकान्यात, आणि माझा सगळ्यात आवडता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, १९०५ चा जन्म, डहाणूचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचे, वरच्या टोकाचे. देवळालीला शाळामास्तर होते आणि आयुष्यभर अंकांशी खेळत राहिले. कॉलेजात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं, आणि ते परांजपे आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, १८९९ मध्ये केंब्रिजला सिनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला नंबर, झालेले पहिले भारतीय. पोरांना प्रोजेक्टमध्ये हे लिहा म्हटलं की लिहीत नाहीत, परदेशी गणितज्ञ युलर लिहितात.

*हर्षद संख्या:* अंकांच्या बेरजेने संख्येला भाग गेला पाहिजे. १७२९ ची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९, झाली हर्षद. आपली १०५१९६०, बेरीज २२, पण अकराने भाग जात नाही हे वर बघितलं, त्यामुळे नाही. १२३४५६७८९ ची बेरीज ४५, नऊने जातो म्हणून भाचा नाचायला लागला, पण ४५ ला पाच पण लागतो आणि शेवटी तर ९ आहे. नाही.

*स्वयंभू संख्या:* एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते, उदाहरणार्थ २१ + ३ = २४, म्हणजे २१ ही २४ ची आई. जिला अशी आईच नाही ती स्वयंभू, जशी २०. आपल्या संख्येची आई शोधायला मागचे पन्नास-साठ आकडे तपासायचे का? नको. आईच्या अंकांची बेरीज धरा ब. नऊच्या हिशोबात आई आणि ब सारखेच, आणि आई + ब म्हणजे आपली संख्या, म्हणून २ × ब ची नवाची बाकी आपल्या संख्येइतकी, म्हणजे ४ हवी. मग ब फक्त २, ११, २०, २९, ३८, ४७ एवढेच असू शकतात. एकेक वजा करून बघा: १०५१९५८ ची बेरीज २९, हवी होती २. १०५१९४९ ची २९, हवी होती ११. १०५१९४० ची २०, आणि हवी होती २०. सापडली! १०५१९४० + २० = १०५१९६०. पुढचे तीन तपासले तर जुळत नाहीत, म्हणजे आई एकच, आणि आपली संख्या स्वयंभू नाही.

*६१७४ चा खेळ:* हा चार अंकीच असतो म्हणून आम्ही नुसतं साल घेतलं, १९६०. अंक मोठ्याकडून लहान लावा, मग उलटे लावा, वजा करा, परत तेच करा. ९६१० − ०१६९ = ९४४१, मग ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, आणि ६१७४. चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येतेच, आणि आपल्या १९६० ने पूर्ण सात घेतली. पुढचं शून्य इथे मात्र गाळायचं नाही, ०१६९ च लिहायचं. पायरी १ च्या बरोबर उलटं, माहितीये मला.

## ७. बायनरी

पटकन सांगतो. बायनरी म्हणजे संख्या फक्त ० आणि १ वापरून लिहायची. निम्मे करत जा, बाकी लिहीत जा, खालून वर वाचा. १०००००००००११०१००१११००० असं काहीतरी लिहिलंत तर थांबा आणि शून्य मोजा, कारण मी पहिल्यांदा एक शून्य जास्त टाकलं होतं, अगदी असंच. बरोबर उत्तर १००००००००११०१००१११०००, एकूण २१ अंक, पहिल्या १ नंतर आठ शून्यं. शेवटची तीन शून्यं म्हणजे आपले २³, तेवढा ताळा फुकट मिळतो.

## ८. संख्या खरंच राक्षसी असेल तर

दहा-बारा अंकांपुढे वही सोडा. पण एक्सेलवर जाऊ नका. एक्सेल पहिले १५ अंकच धरतो, पुढे शून्यं भरतो आणि तुम्हाला सांगतसुद्धा नाही. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ टाकून बघा, शेवटचे सहा अंक शून्य झालेले दिसतील. फोनचा कॅल्क्युलेटर ई वगैरे अक्षर दाखवायला लागला की तोही अंदाजपंचे बोलतोय असं समजा. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा पूर्ण संख्या कितीही लांब असली तरी अचूक धरते, आणि लिनक्समध्ये (विंडोजसारखीच एक कॉम्प्युटर सिस्टीम) फॅक्टर नावाची कमांड आहे, पुढे संख्या लिहा, अवयव हजर. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवरपण चालते.

वरची २१ अंकी संख्या उगाच नाही निवडली. ती म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. ती मूळ नाही हे ल्युका नावाच्या गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव काही मिळेनात. १९०३ मध्ये कोल नावाचे अमेरिकन प्राध्यापक सभेत फळ्यापाशी गेले, एक शब्द न बोलता एकीकडे २ चा ६७ वा घात मांडून एक वजा केला, दुसरीकडे १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ गुणून दाखवलं आणि जागेवर जाऊन बसले. किती वेळ लागला विचारलं तर म्हणाले तीन वर्षांचे रविवार. गुणाकार तासाभराचा, पण अवयव शोधायला वर्षं, सगळी मेख इथेच आहे. इंटरनेटवरची बरीच कुलपं ह्याच मेखेवर आहेत. अशीच एक २५० अंकी संख्या, आरएसए-२५०, फोडायला २०२० साल उजाडलं, तेही असंख्य कॉम्प्युटर एकत्र जुंपून.

एखादी संख्या *मूळ आहे का* एवढंच हवं असेल तर ते खूप सोपं काम आहे, अवयव न शोधता कळतं. त्याची खात्रीची आणि झटपट पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना ह्यांनी दिली. प्रोजेक्टमध्ये हे दोन प्रश्न वेगळे लिहा, बहुतेक पोरं एकच समजतात.

## ९. सरावाला

प्रजासत्ताक दिन घ्या, २६०११९५०. शेवटचं शून्य काढा, मग पाच एकदा अजून निघतो, तीन निघतो, ७-११-१३ एकही लागत नाही. शेवटी तुमच्याकडे ९१२७ उरली पाहिजे, आणि ती मूळ आहे हे म्हणायच्या आधी ८९ पर्यंत सगळ्यांनी भागून बघायचं. उरलेली संख्या १७३४१३ असेल तर घाईत १९ राहून गेलाय, परत मागे जा.